आडनाव कशाला विचारता?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच चऱ्हाट चालू आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एका पोराने अभंग अफाट गायला, पण त्याचं आडनाव मराठी नाही. मामांचं मत: "गातो छान, पण आपला नाही." भीमसेनजी गदगकडचे होते, एवढंच मी लिहिलं. उत्तर आलं, "त्यांची गोष्ट वेगळी." वेगळी कशी, ते कोणी सांगेना.

मग मी फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूर काढला. जन्म 1924, पॅरिस. आईवडील आर्मेनियन निर्वासित. अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत इथे, म्हणजे आम्ही राहतो त्या फ्रान्समध्ये, थांबले ते थांबलेच. मूळ आडनाव अझ्नावूरियन, त्यातलं 'इयन' त्याने छाटलं. समीक्षकांनी सुरुवातीला त्याच्या आवाजापासून उंचीपर्यंत सगळ्याची टर उडवली. नामवंत गायिका एदित पियाफने हाताशी धरलं, तरी नाव व्हायला वर्षं गेली. 1960 मध्ये दिग्दर्शक त्रुफोने त्याला सिनेमात पियानोवाला केलं, 1965 मध्ये 'ला बोएम' हे गाणं आलं. ते गाताना तो पांढरा रुमाल चित्रकाराच्या फडक्यासारखा बोटांवर फिरवायचा आणि शेवटी टाकून द्यायचा. आमच्या ऑफिसातली पंचविशीतली पोरंही पार्टीत रात्री उशिरा हे गाणं बेसूर ओरडतात.

उतारवयात तो स्वित्झर्लंडमध्ये आर्मेनियाचा राजदूत झाला. म्हणून फ्रान्सने त्याला परका केला नाही. 2018 मध्ये, 94 व्या वर्षी गेला, तेव्हा पॅरिसमधल्या अँव्हालिद या लष्करी स्मारकाच्या प्रांगणात राष्ट्रीय मानवंदना झाली, राष्ट्राध्यक्षांचं भाषण झालं, आणि दुदुक हे फुंकून वाजवायचं आर्मेनियन वाद्यही वाजलं. याला म्हणतात मोठं मन, असं मी मामांना ऐटीत लिहिलं. परक्या आडनावाच्या नोकरीच्या अर्जाला इथेही उत्तरं कमी येतात, ते अर्थातच लिहिलं नाही. ग्रुपवर कुठे सगळं लिहायचं!

खरं तर माझं दुखणं निराळंच आहे. आमच्या चिरंजीवांनी कॉलेजात आडनावातला 'कर' परस्पर गाळलाय. बाईंना उच्चारता येत नाही म्हणे. अझ्नावूरने 'इयन' छाटलं त्याचं मला कौतुक, आणि 'कर' गेला तर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मामांनी काल विचारलं, "ते सगळं राहू दे. तुझा लेक मराठी बोलतो का?"

समजतं त्याला, असं मी लिहिलं. मामांनी अंगठा पाठवला.