पार्किंगवाल्याचं मन दुखवू नये

इंग्लंडात नवीन आलाय, सेकंडहँड गाडी घेतलीय, आणि मागच्या आठवड्यात कुठल्यातरी रिटेल पार्कमध्ये दूध-ब्रेड आणायला गेला होतात त्याचं पत्र आज घरी आलंय, शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ. अभिनंदन! आता पत्र कपाळाला लावा, देवापुढे ठेवा आणि मुकाट पैसे भरून टाका. वाचत मात्र बसू नका, वाचलं की माणूस बिघडतो.

वाचलंच तर वर ‘पीसीएन’ दिसेल. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देते तेही पीसीएनच, सीएन दोन्हीकडे चार्ज नोटीस. कौन्सिलच्या पीसीएनमधला पी म्हणजे पेनल्टी, खरा दंड, आणि या खासगी पार्किंग कंपनीच्या पीसीएनमधला पी म्हणजे नुसतं पार्किंग, म्हणजे तुम्ही बोर्डावरचा करार मोडलात असं त्यांचं म्हणणं आणि त्याचं हे बिल. पण पाकीट तसंच, भाषा तशीच दरडावणारी, त्यामुळे छातीत धडधडणार, तर धडधडू द्या, त्या धडधडीवर कितीतरी जणांची घरं चालतात.

आम्ही जुनी माणसं, आम्ही क्लॅम्पचा काळ पाहिलाय. क्लॅम्प म्हणजे पुण्यात ज्याला जॅमर म्हणतात तो. २०१० ची दिवाळी, मंडळाचा कार्यक्रम, हॉलच्या मागे मोकळी जागा दिसली म्हणून गाडी लावली. बोर्ड होता, नाही असं नाही, कचऱ्याच्या डब्यांमागे भिंतीवर वेलीत गुंडाळलेला होता. बाहेर आलो तर पुढच्या चाकाला पिवळा जबडा आणि शेजारच्या व्हॅनमध्ये एक दांडगा गडी वेफर्सचं पाकीट फोडून बसलेला, त्याने काच दोन बोटं खाली घेतली आणि म्हणाला, एकशेवीस, कॅश. बायको पैठणीत, पोरगं तिच्या खांद्यावर झोपलेलं, वर पाऊस, आणि मी एटीएम शोधत गावभर. परत आलो तर नोटा ओल्या होत्या म्हणून गड्याने एकेक डॅशबोर्डवर पसरून मोजली. पण सच्चा माणूस हो, गाडी धरलीय तर धरलीय, समोर दिसत तरी होतं.

अशा माणसांच्या पोटावर सरकारने पाय आणला. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२, १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत कायदेशीर अधिकार नसताना क्लॅम्प लावणं किंवा गाडी ओढून नेणं चक्क गुन्हा, आणि ‘बोर्डावर लिहिलं होतं की’ हे कारणसुद्धा चालत नाही. स्कॉटलंडच्या कोर्टाने तर १९९२ लाच याला खंडणी आणि चोरी म्हणून टाकलं होतं, काय ही भाषा! तेव्हा आज कुणी लावलाच तर फोटो काढणं, पोलिसांना फोन करणं असला उद्धटपणा करू नका, बिचारा एवढं जड लोखंड उचलून आलेला असतो. (रोड टॅक्स भरला नसेल तर डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, अजूनही क्लॅम्प लावते हं, तिथे हक्क-बिक्क काढू नका, गुपचूप भरा, हे मी खरंच सांगतोय.)

पण त्याच कायद्याने कंपन्यांची सोयही करून ठेवली. पूर्वी गाडी कोण चालवत होतं ते त्यांना शोधावं लागायचं, आता नियम पाळले तर ज्याच्या नावावर गाडी त्याच्याकडे पैसे मागता येतात. डीव्हीएलए दर गाडीमागे अडीच पौंड घेऊन तुमचं नाव-पत्ता काढून देते, एवढ्यात हल्ली धड कॉफी येत नाही. नियम म्हणजे काय, तर काचेवर काही चिकटवलं नसेल, नुसता कॅमेरा असेल, तर तुमच्यावर जबाबदारी टाकायला पत्र चौदा दिवसांत पोचावं लागतं. म्हणून तारीख बघायचीच नाही. विसाव्या दिवशी आलेलं पत्रही तितक्याच मायेने घ्या आणि उत्तरात कुणी न विचारता लिहा की हो, मीच चालवत होतो, माझेच हात होते स्टिअरिंगवर.

आमच्या एका मित्राने मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकताना शून्याच्या जागी ओ दाबला, पैसे भरले, पावती खिशात, तरी पत्र आलं. आता पावतीचा फोटो जोडून अपील करायचं की नाही? नाही! कंपनीने नाकारलं तरी पुढे पोपला नावाच्या संस्थेसारखी स्वतंत्र अपीलाची सोय आहे, तीही फुकट, जिंकलात तर कंपनीवर बंधन आणि हरलात तर तुमच्यावर नाही. इतकं तुमच्या बाजूचं म्हणजे त्यात काहीतरी गडबड असणार, साठ भरा.

सगळ्यात मोलाचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांचा, ‘फाडून टाक रे, काही वाकडं करत नाहीत.’ काका २०१५ च्या आधी झोपले ते अजून उठलेले नाहीत. त्या वर्षी बॅरी बेव्हिस नावाचे चिप्सच्या दुकानाचे मालक चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमधल्या ८५ पौंडांसाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, दोन तास फुकट होते, हे छप्पन्न मिनिटं जास्त थांबले होते, आणि हरले. तर काकांचं ऐकून असं करा, वसुली एजन्सीची लाल अक्षरांची पत्रं आली की टीव्ही उचलून नेतील म्हणून रात्रभर जागे राहा (ते बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने सामान जप्त करणारे, नसतात, पण जागे राहा), आणि कोर्टाचा साधा कागद आला की तो न उघडता रद्दीत टाका. उलटं करू नका. कागद रद्दीत गेला की निकाल परस्पर लागतो, पैसे महिन्याभरात भरले नाहीत तर सहा वर्षं नावावर राहतो, आणि घराच्या कर्जाला बँकेत गेलात की तिथली बाई स्क्रीनकडे बघून गोड हसते.

सरकारचं लक्ष नाही असं समजू नका. २०१९ ला या कंपन्यांसाठी नियमावली करायचा कायदा केला, २०२२ च्या फेब्रुवारीत नियमावली आली, लंडनबाहेर बऱ्याच ठिकाणी पन्नास पौंडांची मर्यादा वगैरे होती, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये ती परत गेली. चार महिने राहिली, पाहुणचार झाला.

आणि हे सगळं कागदी प्रकरण नको वाटून त्या पिवळ्या जबड्याचीच आठवण येत असेल तर बेलफास्टचं तिकीट काढा. उत्तर आयर्लंडला ती बंदी लागू नाही, तिथे खासगी जागेत लायसन्सवाला माणूस येऊन अजून क्लॅम्प लावतो. जाताना रोख न्या, आणि नोटा कोरड्या ठेवा.