शुर्लेवरचा तो फॉरवर्ड आता पुढे पाठवू नका

परवा रात्री अकराला भाच्याचा मेसेज आला: "मामा, हे खरं हाय काय?" खाली त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, त्याला पाठवलेला लांबलचक फॉरवर्ड. पोरगं सतरा वर्षांचं, कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघात डाव्या विंगला, म्हणजे डाव्या कडेने, खेळतं. फॉरवर्डच्या शेवटी ठळक अक्षरांत 'मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनी जरूर वाचावे.' ताईने जरूर वाचलं आणि पोराचे बूट माळ्यावर टाकले.

गोष्ट आंद्रे शुर्लेची, जर्मनीच्या फुटबॉल संघातल्या विंगरची. फॉरवर्डप्रमाणे त्याला आयुष्यात एक पास नशिबाने जमला आणि वर्ल्ड कप मिळाला. मग चेल्सी या इंग्लिश क्लबने त्याला हाकललं, लाजेखातर मेडल दिलं. २९ व्या वर्षी डोकं फिरून त्याने खेळ सोडला आणि आता करोडोंवर लाथ मारून तो बर्फात साधूसारखा उघडाबंब फिरतो.

आधी तो 'एक पास' बघू. वर्ल्ड कपची फायनल, १३ जुलै २०१४, ब्राझीलमधलं माराकाना मैदान, समोर अर्जेंटिना, ०-०, ११३ वं मिनिट. शुर्ले डाव्या टचलाइनच्या कडेकडेने सुटतो, अंगावर माणसं आलेली असताना पळतापळताच डाव्या पायाने क्रॉस टाकतो. त्याचा जोडीदार गोत्झे तो छातीवर घेतो, जमिनीला लागू न देता मारतो आणि गोल. शुर्ले मुळात उजव्या पायाचा. शिवाय संघातल्या क्रामरच्या डोक्याला मार बसला म्हणून त्याच्या जागी शुर्लेला ३२ व्या मिनिटालाच मैदानात आणलेलं, म्हणजे क्रॉस टाकला तेव्हा ऐंशी मिनिटं पळून झालेली. नशीब म्हणायचं तर खुशाल म्हणा. त्याच स्पर्धेत अल्जीरियाविरुद्ध जादा वेळ सुरू होताच त्याने टाचेने गोल केला, आणि ब्राझीलला ७-१ धुतलं त्यात दोन गोल त्याचे. हे तिन्ही गोल बदली म्हणून उतरून. जर्मनीसाठी एकूण ५७ सामने, २२ गोल. नशीब फारच चिकट निघालं म्हणायचं.

त्याच्या आधीचं तर फॉरवर्डवाल्याच्या गावीच नाही. २०१०-११ मध्ये कोच टुखेलच्या हाताखाली माइन्झ या त्याच्या छोट्याशा क्लबने बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगचे, पहिले सातही सामने जिंकले. गोल झाला की शुर्ले आणि त्याचे जोडीदार होल्टबी, सालाई कॉर्नर फ्लॅगपाशी जाऊन हातात नसलेली वाद्यं वाजवत बँडचं सोंग करायचे. त्या मोसमात शुर्लेचे लीगमध्ये १५ गोल होते.

चेल्सीचं थोडक्यात. कोच मोरिन्होच्या संघात त्याची जागा पक्की नव्हती, हे कबूल. पण २०१४-१५ ची इंग्लिश लीग चेल्सीने जिंकली, त्यात तो १४ सामने खेळला आणि विजेत्याच्या मेडलला पाच पुरत होते. दान कसलं? फेब्रुवारीत जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबने त्याच्यासाठी सुमारे ३ कोटी २० लाख युरो मोजले. हाकललेल्या माणसाला हा भाव येतो होय? त्याच मोसमात वोल्फ्सबुर्गबरोबर जर्मन कपही जिंकला.

पुढे मात्र उतरती कळा लागली, तेवढं फॉरवर्डवाल्याला द्यावं लागेल. पुढचा जर्मन क्लब डॉर्टमुंड, तिथे सूर लागला नाही, इंग्लंडच्या फुलहॅमला उसना गेला तर तो संघ खालच्या लीगमध्ये घसरला, मग रशियाच्या स्पार्टाक मॉस्कोलाही उसनाच.

आता ज्यावरून माझं डोकं खरंच तापलं ते, 'डोकं फिरलं'. जुलै २०२० मध्ये डॉर्टमुंडशी करार संपवून त्याने निवृत्ती घेतली आणि 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाला मुलाखत दिली. त्यात तो शांतपणे सांगतो की निर्णय बरेच दिवस मनात शिजत होता. पडते दिवस अधिकाधिक वाईट होत गेले आणि चांगले क्षण विरळ. एकटं वाटायचं. या धंद्यात टिकायचं तर कायम एक सोंग घ्यावं लागतं, नाहीतर काम जातं. टाळ्यांची आता गरज उरलेली नाही. यात डोकं फिरल्याचं एक तरी वाक्य दाखवा! दमलोय असं बोलायची सोय नसते, असं तो म्हणतोय, आणि आपण तेच बोलल्याबद्दल त्याला वेडा ठरवून सतराशे ग्रुपवर फिरवतोय. उद्या माझ्या भाच्याला खरंच काही सलत असेल, तर हे वाचून तो आईजवळ तोंड उघडेल का?

राहिला साधू. उणे १९ अंशांत उघड्या अंगाने डोंगर चढतानाचा फोटो त्याने स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला होता. अशी अंग कसायची साहसं हा त्याचा निवृत्तीनंतरचा नाद आहे. आमच्याकडे ऐन थंडीत पहाटे पंचगंगेत उड्या मारणारे आजोबा आहेत, त्यांच्या पाया पडायला कोणी जात नाही. आणि लाथ कसली? अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळून, कमावून तो थांबला.

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ते असू दे रे, बारावी आहे त्याची." बरं, मग बारावीचं कारण सांग की सरळ! शुर्लेला कशाला मध्ये ओढतेस? भाच्याला मी माइन्झच्या त्या बँडचा व्हिडिओ पाठवलाय. बूट अजून माळ्यावरच आहेत.