जलसंवर्धन उद्यान : आधी पाटी, मग माती

शेजारच्या सोसायटीत देशी वनस्पतींचं जलसंवर्धन उद्यान झालंय, ग्रुपवर त्याचे फोटो फिरताहेत आणि तुमच्या अध्यक्षांची झोप उडालीय. घाबरू नका. आम्ही पुण्यात हा उद्योग नुकताच उरकलाय. अनुभव फुकट देतो.

सुरुवात पाटीपासून करा. झाडांचं मागाहून बघू. पाटी आठ बाय चार फुटी, तिच्यावर पाण्याचा थेंब, थेंबात पृथ्वी, पृथ्वीखाली दोन तळहात आणि तळहातांखाली सोळा पदाधिकाऱ्यांचे फोटो. उरलेल्या जागेत 'पाणी वाचवा' मावलं तर मावलं. आमची पाटी आम्ही उंबराला खिळ्यांनी ठोकली. उंबर देशीच, त्यामुळे विषय सुटला नाही.

आता बागेचा आकार. जाणकार मंडळी सांगतील की पावसाचं पाणी मुरवणारी बाग म्हणजे खळगा हवा. भोवतालच्या फरशीपेक्षा वीतभर खोल, कठडा एक-दोन ठिकाणी फोडलेला. गच्चीचं, पार्किंगचं पाणी आत येतं, गाळ आणि गाड्यांचं सांडलेलं ऑइल मातीत-मुळांत अडतं आणि एक-दोन दिवसांत पाणी जमिनीत जिरतं. एरवी तेच पाणी सगळी घाण घेऊन गटारातून नाल्यात आणि नाल्यातून मुठेत जातं. ऐकायला झकास. पण खळग्यात पाणी साचतं हो! आमच्याकडे पहिल्याच वळवानंतर बी विंगमधून तक्रार आली : पाणी साचलंय, डास होणार. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि आमचं पाणी दुसऱ्या संध्याकाळी जिरलंही होतं. पण तक्रार लेखी होती. तातडीची सभा, एकमताने ठराव, खळग्यात दोन डंपर लाल माती. आता छान टेकडी दिसते. जोराची सर आली की टेकडी पेव्हर ब्लॉकवरून गेटपर्यंत येते आणि वॉचमन ती पाइप लावून धुऊन काढतो. पिण्याच्याच पाण्याने, दुसरं कुठून आणणार?

झाडं निवडताना नर्सरीत जाऊन 'देशी आहे ना?' एवढंच विचारा. उत्तर 'हो' येतं. गुलमोहर मादागास्करचा असेना का, शाळेच्या निबंधात येऊन गेला म्हणजे घरचाच. पर्जन्यवृक्ष आला दक्षिण अमेरिकेतून, पण नावातच पाऊस. जलसंवर्धनाला आणखी काय पाहिजे? ताम्हण राज्यफुलाचं झाड, ते मात्र लावा, कुंडीत. वाळा कुणी सुचवला तर गोड बोलून टाळा. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, बांधावरची मातीसुद्धा धरून ठेवतात, हे सगळं खरं, पण वरून ते नुसतं गवत दिसतं. गवतच हवं तर मेक्सिकन लॉन घाला. त्यासाठी आधीची हरळी उपटावी लागते. उपटा. भाद्रपदात त्याच दूर्वांची जुडी मंडईतून विकत आणता येते.

मधोमध हौद हवा आणि हौदात जांभळी फुलं. जलपर्णी सगळ्यात सोपी, नदीपात्रात फुकट मिळते. लावायचे कष्ट नाहीत, काढायचे आहेत, पण ते पुढच्या कमिटीला.

लॉन पाणी फार पितं, तेव्हा टँकर लावून ठेवा. इथे एक पथ्य पाळायचं : खजिनदारांसमोर पावसाचा हिशेब करायचा नाही. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 60 हजार लिटरच्या वर पाणी पडतं, दहा हजारी सहा टँकर. हे आकडे ऐकून आमचे खजिनदार आठवडाभर गच्चीकडे बघत बसले होते. टँकरचं बिल मात्र त्यांनी वेळेवर चुकतं केलं.

उद्घाटन 5 जूनलाच ठेवा. आभाळ भरून आलं तर मांडव घाला. आमच्याकडे पाहुणे पितळी कलशातून रोपाला पाणी घालत होते आणि मांडवावरचं पाणी मागच्या बाजूने धो धो गटारात पडत होतं. फोटो सुरेख आले.

एक सांगायचं राहिलं. आमच्या पंपघरामागे गच्चीची पन्हळ थेट जमिनीवर सुटते. तिथे आमच्या माळीमामांनी कुणाला न विचारता चार फावडी माती काढून अळू, अडुळसा आणि वाळा लावलाय. गावाकडे न्हाणीच्या पाण्यावर अळू-केळी होतात, त्याच हिशेबाने. दोन उन्हाळे झाले, कुणी तिथे टँकरचा पाइप नेलेला नाही. मागच्या श्रावणात अर्ध्या सोसायटीने तिथलीच पानं खुडून वड्या केल्या, आमच्याही घरी झाल्या. पण तिथे पाटी नाही, त्यामुळे ती बाग धरता येत नाही. जागा दुचाकींच्या पार्किंगसाठी घ्यायची ठरलीय. कोबा कधी करायचा एवढंच बाकी आहे. माळीमामा म्हणाले, अळकुड्या काढेपर्यंत थांबा.