लोणारला तासाभरासाठी येऊ नका

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या लोणारला गाड्या वाढल्यात. मेहकरला खाली उतरायचं, तिथून पाऊण तासात सरोवराच्या काठावर, चार फोटो काढायचे की चालले परत. मागच्या हिवाळ्यात पुण्याचे एक पाहुणे असेच जाऊन आले आणि आमच्याच ओसरीवर बसून म्हणाले, "छान आहे, पण खड्डाच आहे ना शेवटी!" पाहुणे होते म्हणून चहा पाजला. उत्तर आज लिहितोय.

खड्डा आहेच. काळ्या बसाल्टात अशनी आदळून झालेला, जवळपास १.८ किलोमीटर रुंद. आधी हा ज्वालामुखीचाच प्रकार समजत. १९७३ साली इथल्या खडकातल्या काचेसारख्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आघाताची गोष्ट पक्की झाली. वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, नव्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलंय. आमच्या म्हाताऱ्यांना दोन्ही आकडे सारखेच. त्यांच्या लेखी इथे लवणासुर राहत होता, विष्णूने त्याला मारलं आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ झालं.

पण मला बोलायचंय ते गावाबद्दल. हे गाव या तळ्यावर जगलेलं आहे. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरी ग्रंथातही याची नोंद आहे: इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो, पाणी खारट आणि डोंगरात झरा मात्र गोड्या पाण्याचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा खार गोळा करायचे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी होती, हे शब्द आता गावातही कुणाला माहीत नाहीत. गोड झऱ्याच्या पाण्यावर खाली विवरातच शेती व्हायची, केळी-पपया निघायच्या. त्याच झऱ्याच्या धारेवर बाया अंघोळीला जायच्या, अजूनही जातात.

माझी आजी खाली तळ्याकाठच्या कमळजा देवीला जाताना पदराच्या गाठीत हळद बांधून न्यायची. तळ्याचं पाणी तळहातावर घ्यायचं, त्यात हळद चोळायची. बघता बघता पिवळी हळद लालभडक. "पाहा, देवीनं कुंकू केलं!" पुढे शाळेत अल्कली शिकवायला लागले तेव्हा कळलं, पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास आहे, आणि अशा पाण्यात हळद लाल होते. आजीचा प्रयोग सरांच्या आधी झाला होता, एवढंच.

२००० साली अभयारण्य झालं, पुढे शेती थांबली. थांबायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खतं-फवारे तळ्यात उतरणं बरं नव्हतंच. तक्रार अशी की तळ्यावरचा हक्क गेला, त्याच्या बदल्यात गावाच्या हाती फारसं काही आलं नाही. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, देशभरातले कॅमेरे आले. खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव लागलं. तेव्हाही गावातला माणूस सोयाबीनच्या भावाचंच बोलत होता, आजही तेच बोलतो. रामसर म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला कुणी आलं नाही.

आता उलटीच चिंता आहे. पाणी वाढतंय, कमळजेच्या देवळापर्यंत चढलं. बाहेरचे म्हणतात, "वा, तळं भरलं!" अहो, गोडं पाणी वाढलं तर खार पातळ होणार आणि त्या खारावर जगणारं सगळंच अडचणीत येणार. या वाढीत गावातून येणाऱ्या सांडपाण्याचा वाटा किती आणि पावसाचा किती, यावर तज्ज्ञ बोलोत. पण गावाचं सांडपाणी आधी सरळ करा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तर यायचंच असेल तर मुक्कामाला या. पहाटे धारेवर जा, तिथून खाली उतरायला परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि काठावर उभं राहून प्लास्टिक खाली भिरकावू नका. दुपारी ऊन चढलं की दैत्यसूदनाच्या देवळात शिरा. आत गारवा असतो आणि छतावरचं कोरीवकाम मान दुखेस्तोवर पाहावं असं आहे. फक्त चांगली बॅटरी घरून आणा. आत अंधार असतो, मोबाईलचा उजेड वरपर्यंत पोचत नाही.