"आफ्रिकेत काहीही चालतं" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सध्या गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिसुर्ले अशा सगळ्या औद्योगिक एस्टेटच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: जुनी मशीन भंगारवाल्याला देऊ नका, रंग मारा आणि आफ्रिकेला पाठवा, तिथे काहीही चालतं, कागदांची कटकट नाही, मुरगाव बंदरातून डायरेक्ट जाते, आणि एकदा बोटीत चढली की तुमची जबाबदारी संपली. जुन्या मशिनी उघडून परत उभ्या करायचं माझं काम आहे, त्यामुळे गप्प राहवत नाही. भंगारात देऊ नका एवढं बरोबर आहे, चांगल्या मशिनीला बाहेर खरंच मागणी आहे. पण पुढचं सगळं चुकीचं आहे आणि ऐकणाऱ्याला खड्ड्यात घालणारं आहे.

"तिथे काहीही चालतं." कुठे चालतं? केनियाला माल जायचा तर पीव्हीओसी म्हणून माल त्यांच्या मानकांत बसतो का याची तपासणी असते, ती लोडिंगच्या आधी इकडेच करून सर्टिफिकेट घ्यायचं असतं आणि वापरलेला मालही त्यातून सुटत नाही. नायजेरियात खरेदीदाराला आधी फॉर्म एम, म्हणजे आयातीचा अर्ज, बँकेतून उघडावा लागतो. आफ्रिका सोडून व्हिएतनामकडे बघाल तर 2019 पासून तिथे साधारण 10 वर्षांपेक्षा जुनी मशीन आत घेत नाहीत, काही मोजक्या धंद्यांना जास्त सूट आहे एवढंच. फिलिपिन्समध्ये वीजच 60 हर्ट्झची, आपली 50 ची मोटर तिथे जोडली तर 20 टक्के जोरात फिरणार, आणि तिच्यावर पंप किंवा ब्लोअर असेल तर लोड पावणेदोन पटीच्या जवळ जातो, मोटर जळणारच. तिकडे घेणारा माणूस आपल्यासारखाच छोटा कारखानदार असतो हो, बँकेचं कर्ज काढून घेतो, त्याला कळत नाही असं समजणं हेच मुळात चूक आहे.

"रंग मारला की रिफर्बिश", म्हणजे मशीन नव्यासारखी झाली. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. रंग सगळ्यात शेवटी. लेथ असेल तर तिचा बेड चकजवळ, म्हणजे जॉब पकडतात त्या टोकाला, सगळ्यात जास्त झिजलेला असतो कारण काम तिथेच होतं, म्हणून चकजवळ आणि टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे मापं घ्यायची, स्पिंडलला डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो) बघायचा, स्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघायचा, मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासायचं, पॅनेलमधले काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) उघडून बघायचे. जुन्या सीएनसीमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनीत) तर आणखी एक गोष्ट, कंट्रोलरची मेमरी बॅटरीवर जिवंत असते, मशीन बंद अवस्थेत महिनाभर कंटेनरात बसली आणि बॅटरी संपली की पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंग, उडाले, मग केनियाच्या मोम्बासा बंदरात उतरल्यावर सगळं लोखंड ठणठणीत असूनही ती एक इंच हलत नाही. नवी बॅटरी आणि पॅरामीटरचा बॅकअप, दोन्ही द्यायचंच. फार्मातल्या टॅबलेट मशीनचं वेगळं, ती बी मापाच्या टूलिंगची की डी मापाच्या हे लिहून द्यायचं, कारण पंच-डाय त्यावर ठरतात, आणि क्वालिफिकेशनचे, म्हणजे मशीन नीट चालते हे तपासल्याचे, जुने कागद असतील तर फाईल मशीनबरोबर जाऊ दे.

त्याच मेसेजात खाणींच्या मशिनी "कमी तास चाललेल्या" म्हणून सांगितल्यात. 2012 ला खाणी बंद झाल्या, परत 2018 ला, तेव्हा डिचोली-सत्तरी-सांग्यात किती एक्सकॅव्हेटर पावसात उभे राहिले ते आपण बघितलंय. मीटरवर तास कमी दिसतात पण हायड्रॉलिक सील उभ्या उभ्या कडक होतात, डिझेल टाकीत पाणी साचतं, सिलिंडरच्या रॉडला गंज धरतो. उभी राहिलेली मशीन म्हणजे कमी वापरलेली मशीन नव्हे.

कागद लागत नाहीत म्हणे! आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर), बँकेचा एडी कोड, कस्टमचं शिपिंग बिल, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), कंटेनरचं व्हीजीएम (भरल्यावरचं वजन), लाकडी पॅकिंगवर आयएसपीएम 15 या नियमाचा शिक्का, म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलेलं किंवा फ्युमिगेशन केलेलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ईपीसीजी, एक्सपोर्ट करायच्या अटीवर ड्युटी न भरता मशीन आणायची सरकारी योजना. बंद पडलेल्या कंपनीची इम्पोर्टेड मशीन स्वस्तात मिळतेय म्हणून उचलाल, पण ती अशी ड्युटी न भरता आलेली असेल तर वाचलेल्या ड्युटीच्या 6 पट एक्सपोर्ट 6 वर्षांत करायचं बंधन ती आणणाऱ्या कंपनीवर असतं, ते पुरं झाल्याचा कागद नसेल तर हात लावू नका.

मुरगावचं एका वाक्यात, तिथे कंटेनरचं काम फार कमी, बहुतेक माल ट्रेलरने मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जातो, ते भाडं आधीच हिशोबात धरा.

"बोटीत चढली की जबाबदारी संपली." पैसे आले असतील तरी नाही. न चालणारी मशीन चालू म्हणून पाठवली तर उद्या तिकडचं खातं तिला कचरा ठरवू शकतं, आत जुनं तेल वगैरे असेल तर घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यावर बंधनं घालणाऱ्या बाझल कराराच्या भानगडीत पडाल, आणि तो खरेदीदार पुढच्या वेळी गोव्यातून कुणाकडूनच घेणार नाही, म्हणजे नीट काम करणाऱ्या दहा जणांचं गिऱ्हाईक एकाने घालवलं. वायरिंग डायग्राम, बेल्ट-बेअरिंग-सीलचे नंबर आणि एक सेट स्पेअर बरोबर द्या, व्हिडिओ कॉलवर मशीन सुरू करून द्या.

आणि ज्यांच्या शेजारचं युनिट आत्ता बंद होतंय त्यांनी एक काम लगेच करा. कंपनी बंद करताना आधी वीज तोडतात आणि मग मशिनी विकायला काढतात, त्यानंतर कुणालाच काही तपासता येत नाही. कनेक्शन जायच्या आत मशीन लोडवर चालवून, नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवायला सांगा.