संशोधन आमचं, वापर त्यांचा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया माझ्या मेडिकलच्या दुकानातच वाचली, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. उत्तराला आठवडा लागला, कारण त्यातलं एक वाक्य जिव्हारी लागलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: औषधाचा शोध असो की माणसं ओळखणारा कॅमेरा, विद्यापीठानं तो कंपनीला देताना लोकांच्या हिताच्या अटी घातल्याच पाहिजेत, असं मी लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं, की संशोधकानं शोध लावावा, वापराचं बघायला सरकार आणि कोर्ट आहे. अटी घातल्या तर कंपन्या दारात उभ्या राहणार नाहीत. औषध आणि कॅमेरा यांची मोट बांधणं ओढूनताणून आहे. आणि मेडिकलवाल्यानं गोळ्या विकाव्यात. (विकतोच आहे, सर.)

आधी माझी चूक. ‘येल विद्यापीठानं एड्सच्या औषधावरचा हक्क उदारपणे सोडला’ हे माझं वाक्य तुम्ही बरोबर पकडलंत. उदारपणा वगैरे काही नव्हता. त्या औषधाचं, म्हणजे स्टॅव्ह्युडिनचं, पेटंट येलच्या नावावर होतं आणि विकण्याचा एकाधिकार ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीकडे. 2001 च्या सुरुवातीला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या डॉक्टरांच्या मदतसंस्थेनं येलकडे मागणी केली, की दक्षिण आफ्रिकेत त्याचं स्वस्त जेनेरिक येऊ द्या. विद्यापीठाचं पहिलं उत्तर जवळपास तुमचंच होतं: हक्क कंपनीला दिलेत, आमच्या हातात काही नाही. मग विद्यार्थी उठले, त्या औषधाचा एड्सवरचा उपयोग शोधणाऱ्यांपैकी येलचे प्रुसॉफ स्वतः विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलले, आणि मार्चमध्ये कंपनीनं तिथं पेटंटचा आग्रह धरणार नाही असं जाहीर केलं. त्याच फेब्रुवारीत आपल्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला होता. मोठ्या कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. सिप्लाच्या त्या तिघांत स्टॅव्ह्युडिन होतंच. कंपनी काही बुडाली नाही, तिची कमाई अमेरिका-युरोपात होती. (पुढे दुष्परिणामांमुळे हे औषध मागे पडलं, ते वेगळं.)

‘कोर्ट आहे’ म्हणता, तर एन्झाल्युटामाइड घ्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं औषध, रोज चार कॅप्सूल. शोध लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, खर्चाचा काही भाग अमेरिकी करदात्याचा. 2016 मध्ये आपल्या पेटंट कार्यालयानं त्यांचा अर्ज फेटाळला, तेव्हा दिल्ली हायकोर्टात धाव घेतली ती खुद्द विद्यापीठानं. त्याच वर्षी विद्यापीठ आणि सहहक्कदारांनी या औषधाच्या विक्रीतून मिळणारी रॉयल्टी 1.14 अब्ज डॉलरला विकली होती. म्हणजे पैशाच्या वेळी वापर आमचा, आणि पेशंटच्या वेळी वापर कंपनीचा. माझ्या काउंटरवर म्हातारी माणसं स्ट्रिपमधून ‘चारच कापून द्या’ म्हणतात. मी कात्री चालवतो तेव्हा एक्स्पायरी छापलेली बाजू माझ्याकडे ठेवतो. तेवढ्या वेळात मला दिल्लीतली ती केस आठवते.

आता कॅमेरा, आणि मोट मी का बांधली ते.

माझी भाची इथंच नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: गर्दीतून तोच माणूस पुन्हा ओळखणं. कुंभ 2027 ला येतोय, तेव्हा अशा विषयांना भाव आहे. एका संध्याकाळी म्हणाली, ‘मामा, दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज दे ना, नुसती माणसं येता-जाताना हवीत.’ तिला म्हटलं, बस इथं आणि बघ. पंधरा मिनिटांत टीबीची गोळी गेली, प्रेग्नन्सी किट गेलं, झोपेच्या गोळीसाठी एकानं चिठ्ठी घडी घालूनच पुढे केली. ती गप्प झाली. तिच्या गाईडनी मात्र सांगितलं होतं, ‘पब्लिक जागा आहे, परवानगी कशाला?’

हे बोलणं नवं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 2014 मध्ये आवारात आठ कॅमेरे लावून दोन हजारांवर माणसांचं चालणं टिपलं, बहुतेक विद्यार्थीच, आणि ते जगाला डाउनलोडला ठेवलं. पाळतीचं तंत्र बनवणाऱ्यांनी ते वापरलं. 2019 मध्ये बोभाटा झाला, प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या पेपरात माफी मागितली, फाइल काढली. प्रती फिरतच राहिल्या. औषधाचा करार उशिरा का होईना, एका पत्रानं सैल करता येतो. निघालेला चेहरा कुठल्या पत्रानं परत आणणार?

आपल्याच गावात बघा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली एमडी करणाऱ्या मुलाला दहा पेशंटना प्रश्न विचारायचे तरी एथिक्स कमिटीचा कागद लागतो. भाचीला हजार माणसं टिपायला कुणी कागद मागितला नाही. दोघांच्या डोक्यावर एकच विषय आहे, सर: लोकांकडून घेतलेलं आणि लोकांना काय परत.

‘मग कुंभात माणसं चेंगरू द्यायची का?’ असं तुम्ही विचारलंत. 27 ऑगस्ट 2003 मी विसरलेलो नाही. कुंभात सरदार चौकाकडच्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, नंतर पंचवटीत कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. म्हणूनच सांगतो, की 2015 च्या कुंभात इथल्याच एका शाळकरी मुलानं बनवलेली चटई वापरून पाहिली गेली. वाटेवर अंथरायची, दाब पडला की पाऊल मोजायचं, आकडा पुढे पाठवायचा. गर्दी दाटतेय हे त्यातूनही कळतं, आणि कुणाचं नाव-तोंड लागत नाही. मला कॅमेऱ्याचं वावडं नाही. चटईनं भागत असताना चेहरा कशाला, एवढं तरी मार्गदर्शकानं विचारावं.

कंपन्या येणार नाहीत ही भीती मात्र पोकळ नाही. लहान कॉलेजला एखादा करार म्हणजे दोन वर्षांची लॅब असते. अटींचा मसुदा विद्यापीठानं एकदा करून सगळ्यांना द्यावा, म्हणजे एकट्या प्राध्यापकाला कंपनीसमोर वाईट व्हावं लागणार नाही.

आणि ते लागलेलं वाक्य: ‘तुमच्या दुकानात कॅमेरा आहे ना हो?’ आहे. दोन आहेत. एक थेट काउंटरवर होता, चोरीसाठी म्हणून, आणि डीव्हीआरमध्ये महिनाभराचं साठत होतं. भाची शेजारी बसेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. परवा तो गल्ल्याकडे वळवून घेतला, साठवण सात दिवसांवर आणली. भावाला पटलेलं नाही, तो म्हणतो चोरी झाली की तूच भर. दुसरा दारावर आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.