सामाजिक न्यायाचा कोर्स काढताय? शेतात मात्र उतरू नका

प्राचार्य महोदय, विभागप्रमुख, आणि यंदा ‘शाश्वतता व सामाजिक न्याय’ असा एखादा कोर्स काढायचं ज्यांच्या मनात घोळतंय ती समस्त गोमंतकीय विद्वान मंडळी, जरा इकडे या. माझ्या भाचीने असाच एक कोर्स नुकताच पुरा केला. कॉलेजचं नाव सांगत नाही. वाचता वाचता ते तुम्हाला आपलंच वाटू लागलं तर तो योगायोग समजा. फी आम्ही भरली, ज्ञान मात्र तिच्यापेक्षा मलाच जास्त मिळालं. ते तुम्हाला फुकट देऊन टाकतो.

पहिलं काम नावाचं. नाव एवढं लांब हवं की निमंत्रणपत्रिकेवर दोन ओळी खाईल. त्यात ‘समावेशक’, ‘परिवर्तन’ आणि ‘जागतिक’ आलंच पाहिजे. ‘गाव’ हा शब्द तेवढा टाळा. गाव म्हटलं की कोणीतरी उठून विचारतो, कुठला?

उद्घाटनाला पाण्याच्या बाटल्या टेबलाखाली ठेवा. फोटोत येतात.

स्वागताला कुणबी साडी नेसलेल्या मुली हव्यातच. त्यांच्याकडून एक नाच करून घ्या, पाहुण्यांच्या खांद्यावर कुणबी शेला टाका, की अर्धा सामाजिक न्याय तिथेच उरकतो. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला 2003 साली. वनहक्क कायदा आला 2006 साली. त्यानंतर काणकोण, केपे, सांगे भागांतले दावे किती वर्षं रेंगाळले, हे त्या नाचणाऱ्या मुलींपैकी एखादीच्या घरी पक्कं ठाऊक असतं. म्हणून नाच संपला की मुलींना चहा-बिस्किटं द्या आणि बसने घरी सोडा. चर्चासत्राला बसवू नका.

आता अभ्यासक्रम. इथे साधा नियम आहे: आंदोलन शिकवायचं ते जुनं आणि लांबचं. चिपको उत्तम. 1973 सालचं, उत्तराखंडातलं, झाडाला मिठी मारलेली बाई स्लाइडवर सुंदर दिसते आणि तो ठेकेदार काही तुमच्या मॅनेजमेंटवर नाही. अ‍ॅमेझॉनचं जंगल तर फारच सुरक्षित. गोव्यातलं काही घ्यावंच लागलं तर रापणकारांपाशी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांपाशी थांबा. ट्रॉलरविरुद्धचा तो लढा सत्तरच्या दशकातला, मासेमारी नियमनाचा कायदा 1980 सालचा, माणसं बहुतेक थकलेली. केरीच्या नायलॉन कारखान्याविरुद्धच्या आंदोलनापर्यंत येऊ नका. तिथे 1995 साली पोलिसांच्या गोळीने एक पोरगा गेला, आणि फोंडा तालुक्यातल्या तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचा तरी काका त्या मोर्चात असणारच. 2020 साली चांदरला लोक रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसले होते, तेही नको. आणि मेळावली? राम राम म्हणा! जानेवारी 2021 मध्ये सत्तरी तालुक्यातल्या बायका जमिनीवर आडव्या झाल्या त्या आयआयटीसाठी डोंगर द्यायचा नाही म्हणून. शिक्षणसंस्थेला जागा देणं हासुद्धा पर्यावरणाचा आणि न्यायाचा प्रश्न असू शकतो, हे विद्यार्थ्यांना कळलं तर उद्या ते तुमच्या नव्या इमारतीच्या परवान्यांकडे बघतील.

म्हादई नदीचं विचाराल तर म्हादई चालेल, कारण त्यात शत्रू कर्नाटक आहे. लवादाने 2018 साली कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, हा आकडा पाठ करून घ्या, मुलांचं रक्त तापतं आणि स्थानिक कोणी दुखावत नाही. फक्त म्हादईचं पाणी शिकवा, म्हादईचा वाघ शिकवू नका. 2020 च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले. 2023 च्या जुलैत उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा आपलं सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात धावलं. ज्याची म्हैस वाघाने मारली त्याला भरपाई केव्हा, रानात राहणाऱ्याचं घर कुठे जाणार आणि वाघाने कुठे जायचं, हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवायला घेणं म्हणजेच तुमच्या कोर्सचं नाव. म्हणून तर ते टाळायचं.

फील्ड व्हिजिटला साळगावचा कचरा प्रकल्प. सोनसड्याचा कचराडेपो नको, वास येतो.

शिकवायला माणूस लेक्चर बेसिसवरचाच घ्या. समान कामाला समान वेतन हा तास त्याच्यापेक्षा तळमळीने कोणी घेणार नाही. त्याला मे महिन्यात पगार नसतो, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही हे त्याला जूनमध्येच कळतं. बाकी कायमस्वरूपी प्राध्यापकांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आहेतच. जिओटॅग केलेले फोटो कोण चिकटवणार?

परीक्षा बहुपर्यायी घ्या. ‘संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदावं कोणतं?’ उत्तर: पाण्याखालील जीवन. पाण्यावरच्या माणसांबद्दल प्रश्न काढू नका.

राहता राहिला प्रकल्प, आणि इथे चुकलात तर सगळंच मुसळ केरात. मुलांना विषय निवडायची मोकळीक कधीही देऊ नका. दिलीत की ती घरामागचा विषय उचलतात. आमच्या पोरीने तेच केलं. आमचं गाव झुआरी नदीच्या काठचं, खाजनाचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचं. तिने विषय घेतला गावच्या खाजनात पडणाऱ्या भरावाचा. सुट्टी घालवून मेरेमेरेने, म्हणजे शेताच्या बांधांवरून फिरली, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, कुजलेल्या फळ्यांचे फोटो काढले, सर्व्हे नंबर टिपले, जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे काढून कुळाच्या रकान्यात कोणाची नावं आहेत ते वहीत उतरवलं. वायंगण (उन्हाळी भात) करायचं सोडलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगणात बसून त्यांना बोलतं केलं. एक फोटो तर असा की दुसरा पुरावा नको: काळ्या चिखलावर तांबड्या मातीचा ढीग, त्यावर टिप्परच्या चाकांचे ओले वळ, आणि ढिगाच्या कडेला अर्धी गाडली गेलेली, वरून अजून हिरवी असलेली भाताची रोपं.

हे घेऊन ती मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळी पानं उलटली, छान केलंयस म्हणाल्या, आणि मग दार लोटून घेऊन म्हणाल्या, ‘‘बाय, म्हजें रिन्यूअल जुनांत आसा.’’ त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांचं पोट त्या जूनवर आहे. राग आहे तो वरच्या मजल्यावर. तिथून निरोप आला की जमीन, खाण, पंचायत आणि सरकारी प्रकल्प एवढे विषय सोडून काहीही घ्या. एवढे सोडून! मग गोव्यात शिल्लक काय राहिलं, कार्निव्हल? तिला बदली विषय मिळाला: ‘शाश्वत विकास उद्दिष्टांविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील जागरूकता’. साधन, गुगल फॉर्म. तो फॉर्म तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकला, वर्गाने तो कॅन्टीनमध्ये बसून भरला, विद्यार्थी जागरूक असल्याचं निष्पन्न झालं. ‘उत्कृष्ट’ शेरा. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड.

कारण काय, तर म्हणे खाजनाचा विषय ‘वादग्रस्त’ आहे. कोणी वाद घातला? भरती चढली की मानशीचं दार पाण्याच्या जोराने आपोआप मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायला उघडतं. आपल्या लोकांनी हे शेकडो वर्षं चालवलं, बांध घातले, मेरा राखल्या, खाऱ्या जमिनीत कोरगुट भात पिकवलं. यात वादग्रस्त काय आहे? एका तुकड्यात भराव पडला की पाण्याची वाट तुंबते, शेजारचा तुकडा बुडतो, तो शेतकरी दोन हंगाम थांबतो, मग जमीन पड टाकतो, आणि पड जमिनीला लगेच गिऱ्हाईक येतं. यात वादग्रस्त काय आहे? सखल जमिनीत परवानगीशिवाय भराव घालू नये, हे नगरनियोजन कायद्याचं कलम 17अ सांगतं. गोव्याच्या खाजनांचं रक्षण करा, असं सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 2011 च्या अधिसूचनेत वेगळं लिहिलंय. कूळ कायदा 1964 चा. कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये, हे सांगणारा कायदा 1991 चा. सगळं राजपत्रात छापलेलं. कायदा वाचून दाखवणारी पोर वादग्रस्त, आणि रात्री टिप्पर रिकामा करणारा कोण, तर तुमच्या स्नेहसंमेलनाचा प्रायोजक!

आणखी एक ऐका. पर्यावरण हा विषय कॉलेजात आला कसा? कुठल्या कुलगुरूंना स्वप्न पडलं म्हणून नाही. एका वकिलाने याचिका केली, 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवा असं बजावलं, तरी कोणी हललं नाही म्हणून 2003 साली पुन्हा कान पिळावा लागला. तुम्ही ज्या विषयावर पगार घेता, पुरस्कार घेता, सेमिनारला जाऊन काजूच्या पाकिटांचे बॉक्स घेता, तो विषय जन्माला आला तोच भांडणातून. कोणीतरी वादग्रस्त झालं म्हणून तुमचा विभाग उभा आहे.

आता युक्त्या-बिक्त्या पुरे झाल्या.

तुम्ही भित्रे आहात म्हणून मला संताप येत नाही. भिणं समजतं. संस्थेला अनुदान लागतं, परवाने लागतात, फोन येतात, सगळं कळतं. संताप येतो तो भीती झाकायला न्यायाचं नाव घेता म्हणून. भीती वाटते तर कॉम्प्युटर टायपिंगचा कोर्स काढा, निदान पोरांना नोकरी मिळेल. वीस वर्षांच्या मुलीला आधी सांगायचं की तुझा आवाज महत्त्वाचा, प्रश्न विचार, व्यवस्था बदल. आणि तिने पहिला खरा प्रश्न विचारला की तिच्या हातात गुगल फॉर्म द्यायचा. यातून ती काय शिकली? प्रश्न कुठे थांबवायचा हे शिकली. ते शिकवायला फी घ्यायची काय गरज होती? ते तर आमचे सरपंच फुकट शिकवतात.

खाणी 2012 साली बंद झाल्या, 2018 साली न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, ट्रक अंगणात गंजत पडले. त्या ट्रकवाल्यांची मुलं तुमच्या वर्गात बसली आहेत आणि धुळीने ज्यांची शेती गेली त्यांचीही त्याच बाकांवर आहेत. त्यांना समोरासमोर बसवून एकदा तरी बोलू दिलंत? जमिनीचा झोन बदलू देणारे नगरनियोजन कायद्याच्या 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाने 2025 साली रद्द केले, 39अ खाली झोन बदलायच्या सर्व्हे नंबरांच्या याद्या राजपत्रात येतात, हरकतीला मुदत असते. त्यातली एक यादी वर्गात उघडलीत? आपला गाव त्यात आहे का, हे बघायला पोरांना एक तासिका दिलीत? हरकतीचा अर्ज कसा लिहायचा, माहितीच्या अधिकाराखाली काय मागायचं, मामलेदाराकडे मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याची, केस का अडते, हे त्या दोन ओळींच्या नावाच्या कोर्सात कुठल्या युनिटमध्ये आहे? नाही ना? मग ते प्रमाणपत्र परत घ्या आणि आमची फी द्या.

भाचीची ती वही आमच्या घरी आहे. येत्या रविवारी ग्रामसभा आहे आणि ती तिथे सर्व्हे नंबरांसकट वाचून दाखवणार आहे. तुमच्या वर्गातली आमच्याच गावची, मतदार यादीत नाव असलेली मुलं आहेत, हे तुम्हाला पटावरून दिसेल. त्यांना त्या दिवशी ‘ग्रीन कॅम्पस’च्या रांगोळीला बोलावू नका. हजेरी देणार नसाल तर नका देऊ, पण अडवू नका.